कधी कळलं, त्याची नोंद: चित्रपट, थरारकादंबरी आणि कविता

पाहिलेल्या-वाचलेल्या कलाकृतींच्या नोंदवहीच्या या टप्प्यात तारांकनं काढून टाकली. 'पाचपैकी साडेचार' एवढंच लिहिलेलं असलं, तर काही महिन्यांनी त्यातून काहीही हाती लागत नाही. त्याऐवजी तिन्ही प्रकारांना एकच प्रश्न लावला आहे: कोणती गोष्ट आपल्याला नेमकी कधी कळते? कलाकृती आवडण्याचं निम्मं कारण त्या 'कधी'त सापडतं. पहिल्या वेळी वही बंद ठेवायची, नोंदी दुसऱ्या वेळी करायच्या. पहिल्याच वाचनात पेन्सिल हातात घेतली की लक्ष गोष्टीवरून उडून सुगाव्यांवर जातं, आणि लेखकानं जे लपवलंय ते लपतच नाही.

कादंबरीसाठी चार रकाने पुरतात: कुठे, काय कळलं, कोणाला कळलं, कशाच्या आड. 'कुठे'मध्ये पान क्रमांक लिहू नका, आवृत्ती बदलली की तो निरुपयोगी होतो. टक्के काढा. समजा गोष्ट पान ९ ते ३०४ अशी आहे, म्हणजे २९६ पानं. सुगावा ८३व्या पानावर असेल, तर ते गोष्टीचं ७५वं पान. ७५ भागिले २९६, म्हणजे सुमारे २५ टक्के. ई-बुकच्या तळाशी दिसणाऱ्या टक्क्यांवर विसंबू नये. शेवटी पुढच्या कादंबरीचं नमुना प्रकरण जोडलेलं असेल तर गोष्ट १०० टक्क्यांच्या बरीच आधी संपते आणि सगळा हिशोब सरकतो.

सर्वांत बोलका रकाना चौथा. चांगला लेखक सुगावा लपवत नाही, तो गर्दीत उभा करतो. 'टेबलावर चष्मा, किल्ल्या, औषधाची रिकामी बाटली, दोन पत्रं आणि छत्री' अशा यादीत बाटली मधोमध असते. वाचकाच्या डोक्यात राहतात पहिली आणि शेवटची वस्तू. दुसरी नेहमीची जागा म्हणजे भांडणाच्या किंवा अपघाताच्या लगेच आधीचं वाक्य. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यायला हवा, हा त्यांतला पहिला. आपल्या तक्त्यात गुन्हेगाराचं नाव प्रथम ६० टक्क्यांवर दिसत असेल, तर शेवट कितीही धक्कादायक असो, तो फसवणुकीसारखाच वाटतो.

तिसऱ्या रकान्यावरून रहस्यकथा आणि थरारकथा वेगळ्या पडतात. रहस्यकथेत वाचक तपास करणाऱ्याच्या सोबत किंवा किंचित मागे असतो, थरारकथेत बऱ्याचदा नायकाच्या पुढे. कादंबरी मधल्या भागात का रेंगाळली हे शोधायचं असेल तर तिथे 'कोणाला कळलं'चे रकाने बघा. सलग दोन-तीन प्रकरणं वाचक आणि नायक यांना सारखंच माहीत असेल, तर ताण तिथेच सुटलेला असतो.

चित्रपटात रकाने तेच, फक्त टक्क्यांऐवजी मिनिटं. इथे एक खोच आहे. सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेमचा) चित्रपट 'पाल' या टीव्ही पद्धतीच्या जुन्या डीव्हीडीवर २५ चौकटींनी चालतो. १२० मिनिटांचा चित्रपट तिथे ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो. दोन प्रतींच्या नोंदी जुळत नसतील तर आधी हे तपासा. डीव्हीडीवरची वेळ २५ भागिले २४ने गुणली की मूळ वेळ मिळते.

आवडलेल्या प्रसंगाची पाच मिनिटं आवाज बंद करून पाहायची आणि प्रत्येक कटला कागदावर रेघ मारायची. ३०० सेकंदांत ६० शॉट भरले तर सरासरी पाच सेकंद. कॅमेरा वेगानं वळला की तो कट समजला जातो, ही नेहमीची चूक. मग तोच प्रसंग डोळे मिटून फक्त ऐकायचा. पुढच्या दृश्याचा आवाज चित्राच्या आधी किती वेळा येतो ते लिहा, कारण कान आधी आणि डोळे नंतर, या फटीत दिग्दर्शक बरंच काही पेरतो.

कवितेवर मात्र सर्वाधिक वेळ द्यावा असं मनापासून वाटतं. कविता हातानं उतरवून ओळीखाली लगावली मांडायची: लघूला ल, गुरूला गा. ऱ्हस्व अक्षर लघु, दीर्घ गुरु, अनुस्वाराचा स्पष्ट उच्चार असेल तर गुरु, चरणाचं शेवटचं अक्षर गुरूच धरायचं. घोटाळा होतो जोडाक्षराआधी. 'भव्य'मध्ये भ वर आघात पडतो, म्हणून तो गुरु. 'नव्याने'मध्ये तेच व्य असूनही न वर आघात नाही, म्हणून तो लघूच. त्यामुळे 'कुणाला कळावे कसे हे नव्याने' ही ओळ लगागा लगागा लगागा लगागा अशी बिनचूक बसते. बारा अक्षरं, वीस मात्रा, म्हणजे भुजंगप्रयात, मनाच्या श्लोकांचं वृत्त. मोठ्यानं म्हणूनच ठरवा, नुसत्या डोळ्यांनी आघात कळत नाही.

मग 'कधी'चा प्रश्न विचारा. मोठ्या अभंगात अक्षरं सहा-सहा-सहा-चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाअखेर पडतं, म्हणजे बाराव्या आणि अठराव्या अक्षरावर. तेवढ्यात कान पुढच्या सहा अक्षरांची तयारी करतो आणि चरण चारातच, यमकाविना मिटतो. अर्थ बहुधा तिथेच लागतो. गझलेत मतल्यानं, म्हणजे पहिल्या शेरानं, काफिया (यमकाचा शब्द) आणि रदीफ (त्यामागून जसाच्या तसा येणारा शब्द) सांगून टाकलेले असतात. पुढच्या दोन ओळींच्या शेरात पहिली ओळ मोकळी सोडली जाते आणि ऐकणारा मनात काफिये जुळवू लागतो. शायर ती ओळ पुन्हा म्हणतो ती याचसाठी. वाचताना दुसरी ओळ हातानं झाकून आपला काफिया आधी लिहून ठेवा. कवीचा काफिया आपल्या अंदाजापेक्षा वेगळा आणि तरी अटळ वाटला, तर त्या शेराला खूण करा.

मुक्तछंदाला ही मोजपट्टी लागत नाही. तिथे कविता सलग गद्यासारखी लिहून काढायची, दुसऱ्या दिवशी आपल्या मनानं ओळी तोडायच्या आणि मूळ प्रतीशी ताडून पाहायचं. जिथे कवीनं आपल्याआधी ओळ तोडली, तिथे पुढच्या शब्दाला थांबवून धरलेलं असतं.

पुढचा टप्पा कादंबरीवरून बेतलेल्या चित्रपटांचा. दोन्हींचे तक्ते शेजारी ठेवून, कोणती माहिती पुढे आणली आणि कोणती मागे ढकलली, एवढंच पाहायचं. कादंबरीच्या रकान्यात टक्के आहेत, म्हणून चित्रपटाची मिनिटंही टक्क्यांत बदलून घ्यावी लागतील, शेवटची श्रेयनामावली वगळून.