अडकलेली फेलोशिप सोडवताना: माझा अनुभव

"निधी आलेला नाही" एवढं ऐकून खिडकीवरून परत फिरायचं नाही, हे मी नव्या संशोधक विद्यार्थ्यांना सगळ्यात आधी सांगते. पैसा कुठे अडलाय ते या उत्तरातून कळतच नाही. कधी अर्थसंकल्पात तरतूदच कमी असते. कधी तरतूद असते पण वितरण झालेलं नसतं. कधी वितरण होऊन रक्कम संस्थेकडे पडून असते, तर कधी संस्थेने पाठवलेली रक्कम बँकेतून परत गेलेली असते. प्रत्येक वेळी टेबल वेगळं, अर्जही वेगळा.

मी शोध स्वतःच्या खात्यापासून सुरू करते, कारण तिथला दोष एका दिवसात कळतो. खात्याला आधार जोडलेला असणं वेगळं आणि ते खातं एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या महामंडळाच्या) मॅपरवर, म्हणजे कोणत्या आधारचा पैसा कोणत्या बँकेत जाणार त्या यादीत, असणं वेगळं. मॅपरवर एका आधारला एकच बँक जोडलेली असते, शेवटी संमती दिलेली. आधारवर आधारित डीबीटी (थेट खात्यात रक्कम जमा) असेल तर पैसा तिकडेच जातो, मग अर्जात कुठलाही खाते क्रमांक लिहिलेला असो. यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये बँकेचं नाव दिसतं. विसरलेल्या खात्यात हप्ता सापडण्याचे प्रकार वाटतात तितके दुर्मिळ नाहीत.

दुसरी अडचण 'स्मॉल अकाउंट'ची. पूर्ण केवायसी नसलेल्या या खात्यात सर्वसाधारणपणे शिल्लक 50,000 रुपयांच्या वर जाऊ शकत नाही आणि वर्षभरात एकूण 1 लाखापेक्षा जास्त जमा होत नाही. जेआरएफचा (पहिल्या दोन वर्षांच्या कनिष्ठ संशोधन फेलोशिपचा) दर जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे. म्हणजे दोन महिन्यांची थकबाकी एकदम आली तरी 74,000 होतात आणि व्यवहार परत जाऊ शकतो. आधी पूर्ण केवायसी करून घ्यायची, मगच थकबाकीचं पत्र लिहायचं.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) जेआरएफमध्ये कॅनरा बँकेच्या पोर्टलवर विद्यापीठाला दर महिन्याला कन्फर्मेशन (विद्यार्थ्याला पैसे द्यावेत अशी पुष्टी) द्यावं लागतं. 'मेकर' माहिती भरतो, 'चेकर' मंजूर करतो. चेकर रजेवर गेला किंवा बदलून गेला की अख्ख्या विभागाचे पैसे थांबतात आणि सगळे दिल्लीला दोष देत बसतात. म्हणून "माझी फेलोशिप का आली नाही" असं विचारण्यापेक्षा "अमुक महिन्याचं कन्फर्मेशन मेकरने कोणत्या तारखेला पाठवलं, चेकरने कधी मंजूर केलं" असं विचारावं. दोन वर्षांनी एसआरएफसाठी (पुढच्या वरिष्ठ फेलोशिपसाठी) समितीचा अहवाल लागतो. तो लांबला की एसआरएफचे 42,000 आणि जेआरएफचे 37,000 यांमधले महिन्याचे 5,000 रुपये लटकतात. मार्गदर्शकांना दोन-तीन महिने आधीच आठवण करायची. समितीत बाहेरचा तज्ज्ञ असतो आणि त्याची तारीख मिळता मिळत नाही.

राज्याच्या पैशावर चालणाऱ्या अधिछात्रवृत्त्यांचं, म्हणजे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपचं, गणित निराळं आहे, आणि खरा वेळ इथेच जातो. मार्चमध्ये अर्थसंकल्प मंजूर होतो म्हणजे पैसा हातात आला असं नाही. वित्त विभाग तरतुदीचा काही भागच खर्चाला मोकळा करतो, मग प्रशासकीय विभाग 'निधी वितरित करण्याबाबत' असा शासन निर्णय काढतो. रक्कम बीम्सवर (राज्याच्या ऑनलाइन निधी वितरण प्रणालीवर) दिसू लागते, आहरण व संवितरण अधिकारी (सरकारी पैसा काढून वाटण्याचा अधिकार असलेला) कोषागारात देयक टाकतो. तरतूद कमी पडली तर जुलैच्या किंवा डिसेंबरच्या पुरवणी मागण्यांची वाट बघण्यावाचून गत्यंतर नसतं.

हा शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो आणि तो शेवटच्या पानापर्यंत वाचावा. त्यात लेखाशीर्षासोबत (खर्च कोणत्या योजनेखाली धरायचा त्या सांकेतिक क्रमांकासोबत) उद्दिष्ट क्रमांक, म्हणजे खर्चाचा प्रकार, असतो. '31 सहायक अनुदाने (वेतनेतर)' असं लिहिलं असेल तर ती रक्कम संस्थेला एकत्रित मिळते आणि प्रशिक्षण, कार्यालय, फेलोशिप सगळं त्यातूनच भागवायचं असतं. '34 शिष्यवृत्त्या/विद्यावेतने' असेल तर वाट बरीच सरळ. संस्थेला कोटी मिळाले म्हणून आपला हप्ता निघालाच पाहिजे, हा हिशेब म्हणूनच चुकतो. त्याच निर्णयात बहुधा अट असते की आधीच्या निधीचं उपयोगिता प्रमाणपत्र (तो ठरल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला) द्यावं. ते अडण्याचं एक कारण आपल्यातच असतं: काही जणांनी प्रगती अहवाल किंवा आकस्मिक खर्चाच्या पावत्या दिलेल्याच नसतात. मार्च उलटला की न उचललेला निधी व्यपगत (रद्द) होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

एवढं कळलं की माहिती अधिकार कामाला येतो. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, शुल्क 10 रुपये. "का" विचारू नये, त्यावर गोलमाल उत्तर येतं. कागद मागावेत: अमुक आर्थिक वर्षात या लेखाशीर्षाखाली मंजूर, वितरित व खर्च झालेल्या रकमेचा तक्ता, निधी मागणीच्या प्रस्तावाची प्रत, जावक क्रमांक व दिनांकासह, पाठवलेल्या उपयोगिता प्रमाणपत्राची प्रत. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. एकेकट्याच्या अर्जांपेक्षा एका बॅचचा एकच नीट अर्ज आणि सोबत सगळ्यांच्या नोंदणी क्रमांकांचं निवेदन, हे मला जास्त परिणामकारक वाटतं. निवेदनाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय निघायचं नाही.

शहरी बेघर निवारा केंद्रांचे कागद पाहिले तर साखळी हीच दिसते. एक लाख लोकसंख्येमागे एक केंद्र, माणशी किमान 50 चौरस फूट जागा, हे निकष लिहिलेले आहेत. पण केंद्र-राज्य हिस्सा आणि आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र यात पैसा अडकला की निवारा चालवणाऱ्या संस्थेकडे काळजीवाहकांचा पगारच थकतो. तिथे राहणाऱ्यांना ना पोर्टल, ना लॉगिन, ना निवेदनावर लिहायला नोंदणी क्रमांक. त्यामुळे त्यांच्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज बाहेरच्याच कुणीतरी, महापालिकेकडे टाकावा लागतो.

पैसे आल्यावर संस्था बऱ्याचदा पोचपावतीवर सही मागते. "संपूर्ण थकबाकी मिळाली" असं छापलेलं असेल तर सही करण्याआधी महिने मोजावेत आणि घरभाडे भत्ता व आकस्मिक खर्च वेगळा तपासावा. भत्ता शहराच्या वर्गावर ठरतो आणि वसतिगृहात राहणाऱ्याला मिळत नाही. वसतिगृह मधेच सोडलं असेल तर त्या तारखेचा दाखला जोडल्याशिवाय पुढच्या महिन्यांचा भत्ता धरलाच जात नाही. काही राहिलं असेल तर पावतीवरच "अमुक ते अमुक महिन्यांची रक्कम मिळाली, उर्वरित येणे बाकी" असं हाताने लिहून सही करावी आणि फोटो काढून ठेवावा.