कॅमेरा घेण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन या

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या आतल्या बोळात माझं फोटो प्रिंटिंग आणि फ्रेमिंगचं दुकान आहे. कॅमेरे मी विकत नाही. तरी आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी काउंटरला टेकून विचारतंच, "दादा, घरातल्या रोजच्या फोटोंसाठी कुठला कॅमेरा घिऊ ओ?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मोबाइलमधले तुमचे हललेले फोटो शोधा आणि ते कुठे, किती वाजता काढलेत ते बघा. रंकाळ्यावर ऊन असताना काढलेला फोटो सहसा बिघडत नाही. त्या उजेडाला मोबाइल पुरतो, आणि तुमचे बहुतेक फोटो तसलेच असतील तर पैसे खर्चू नका. बिघडतात ते स्वयंपाकघरातले, देवघरापुढचे, रात्रीच्या आरतीचे.

दोन वर्षांपूर्वी एक ताई सासऱ्यांचा फोटो मोठा करून घ्यायला आल्या. सासरे नुकतेच गेले होते. मोबाइलमध्ये अकरा फोटो, सगळे घरातले. मी एकेक ताणून बघत गेलो. मागच्या कॅलेंडरवरची तिथीसुद्धा वाचता येत होती, पण मांडीवर नातू उड्या मारत होता आणि त्याच्याबरोबर आजोबाही हसून हलत होते. प्रत्येक फोटोत चेहरा ओल्या बोटानं पुसल्यासारखा. शेवटी एका लग्नातल्या ग्रुप फोटोतून नखाएवढा चेहरा कापून काढला. त्यांना आठ बाय बाराची फ्रेम हवी होती, चार बाय सहावर थांबावं लागलं. ताई काही बोलल्या नाहीत. मला मात्र फार वाईट वाटलं.

उजेड कमी पडला की शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा कॅमेऱ्यातला पडदा, जास्त वेळ उघडं राहतं. एका बल्बच्या खोलीत ते सहज १/१५ सेकंदावर येतं, आणि तेवढ्यात पोराचं डोकं चार बोटं सरकलेलं असतं. मोबाइल अंधारात बरेच फोटो एकावर एक बसवतो. भिंत हलत नाही, म्हणून ती छान येते.

म्हणून मी बॉडीपेक्षा, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यापेक्षा, लेन्सबद्दल जास्त बोलतो. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स पूर्ण झूम केली की बहुधा एफ ५.६ वर जाते. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं. त्याऐवजी एफ १.८ ची लेन्स लावली तर नऊ-दहा पट उजेड आत येतो. १/१५ च्या जागी १/१२५ मिळतं आणि बोलता-हसता माणूस फोटोत स्थिर येतो. ५० मिलिमीटरची लेन्स स्वस्त मिळते म्हणून बरेच जण तीच घेतात. पण एपीएस-सी, म्हणजे जरा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती ७५-८० सारखी वागते, समोरचं जास्तच जवळ आणते. आपल्या पेठांतल्या घरात पाठ फ्रिजला टेकली तरी समोरच्याचं नुसतं तोंड येतं. ३५ ची घ्या.

बॉडी कॅनन, सोनी, निकॉन, फुजी, कुठलीही मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेली, चालेल. डोळ्यावर फोकस धरणारी हवी, एवढं बघा. मेगापिक्सेलच्या मागे लागू नका. आठ बाय बारा इंचाच्या प्रिंटला ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून, नऊसुद्धा पुरतात. मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी याच गावात स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा घडवला. तुमच्यापुढे तयार वीस मॉडेलं आहेत, त्यात महिना घालवू नका.

घरच्या एलईडीखाली फोटोत आडवे काळसर पट्टे आले तर शटर १/१०० वर आणा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, त्याच्याशी शटर जुळलं की पट्टे जातात.

सेकंडहँड घ्यायलाही हरकत नाही, पण लेन्समधून टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडे पावसाची झड लागली की ती चांगल्या लेन्सलाही धरते. जूनपासून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. एरवी हाताशी असू दे. कपाटात वर ठेवलेला कॅमेरा फक्त बारशाला खाली येतो.

त्या ताईंनी गेल्या दिवाळीआधी जुनी बॉडी आणि ३५ ची लेन्स घेतली. परवा सासूबाईंचा फोटो घेऊन आल्या. भाकरी थापतायत, बांगड्यांना पीठ लागलंय, नातवाकडे बघून काहीतरी बोलतायत. पापणीचा केस न् केस दिसत होता. पण फोटो व्हॉट्सअॅपवरून आलेला, आकसलेला. म्हटलं, "ताई, कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन या." दुसऱ्या दिवशी आणलं आणि आठ बाय बारा काढून दिला.

फ्रेम कुठली घालू विचारलं. म्हणाल्या, "हलकी घाला दादा. हाराची नाही ही. स्वयंपाकघरात लावायचीय, त्यांना दिसंल अशी."