आमची वाटचाल: न उडालेल्या एससीआरनं शिकवलेला धंदा

२०१२ ला शिरोली एमआयडीसीत भाड्यानं गाळा घेऊन मी आणि माझा मेव्हणा, आम्ही पॅनल रिपेअरिंग चालू केलं. कोल्हापूर म्हणजे फाउंड्रीचं गाव, इंडक्शन फर्नेसचे पॅनल भरपूर, त्यामुळं कामाला तोटा नव्हता. भट्टी बंद म्हणजे मालकाचा जीव टांगणीला, रात्री दोनला फोन आला तरी निघायचो, उडालेला एससीआर (थायरिस्टर, म्हणजे मोठा करंट चालू-बंद करणारा सेमीकंडक्टर स्विच) काढायचा, नवा आवळायचा, त्याला चालू करणारे गेट पल्स बघायचे आणि भट्टी चालू करून घरी.

एका फाउंड्रीत मात्र आम्ही पार अडकलो. दोन एससीआर सिरीजमध्ये, वरचा उडाला म्हणून नवा टाकला, दीड महिन्यात तोच परत गेला, परत टाकला, परत तोच. मालक म्हणाले तुम्ही डुप्लिकेट माल टाकताय. फार लागलं ते, कारण माल ओरिजिनल होता, बिलं होती. स्नबर (व्होल्टेजचे झटके शोषणारं सर्किट) बदलला, गेट पल्स देणारं कार्ड बदललं, कूलिंगच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी पण बघितली, सगळं बरोबर. खालच्या एससीआरकडं कुणाचं लक्षच नाही, कारण तो कधी उडालाच नव्हता आणि थंड असताना मेगरवर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) एकदम चांगला दाखवायचा.

शेवटी तोच काढून आणला, क्लॅम्पमध्ये आवळून १२५ डिग्रीला तापवला आणि व्होल्टेज दिला तर लीकेज, म्हणजे बंद असतानाही आतून झिरपणारा करंट, २१ मिलिअँप, नव्याचा ६. आता हिशेब बघा, दोघांत व्होल्टेज सारखा वाटायला प्रत्येकाला समांतर लावलेले शेअरिंग रेझिस्टर २० किलोओहमचे, लीकेजमधला फरक १५ मिलिअँप, म्हणजे दोघांच्या व्होल्टेजमध्ये ३०० व्होल्टचा फरक पडणार, आणि जास्त व्होल्टेज येणार तो ज्याचा लीकेज कमी त्याच्यावर. म्हणजे आम्ही दरवेळी निरोगी नग मारत होतो आणि आजारी नग जागेवर ठेवत होतो! त्या दिवशी दोघं बराच वेळ गप्प बसलो होतो.

मग असे आजारी नग आधीच पकडायला टेस्टिंगचा ओव्हन केला. रेटेड व्होल्टेजच्या ८० टक्के डीसी, १२५ डिग्री, १००० तास, म्हणजे जवळजवळ ४२ दिवस. नियम तसा सोपा, पण करताना कळतं. १४०० व्होल्टला २० मिलिअँप म्हणजे २८ वॅट, नग स्वतःच तापतो, तापला की लीकेज अजून वाढतो, म्हणून प्रत्येक नगाला वेगळा फ्यूज आणि हीट सिंक लागतंच. आणि नुसता आकडा मोठा आहे का हे बघून भागत नाही, तो वर चढतोय का ते बघायचं. १५ मिलिअँपवर स्थिर राहणारा नग मी बिनधास्त वापरीन, ५ वरून ९ वर गेलेला नाही.

सगळ्यात महाग चूक थंड करताना झाली. सुरुवातीला आम्ही आधी व्होल्टेज बंद करायचो, मग ओव्हन, आणि थंड झाल्यावर मोजलं की चढलेला लीकेज खाली आलेला असायचा, आम्ही खूश. असं होतं कारण नगाच्या कडेवर सिलिकॉन रबराचा थर असतो, त्यात किंवा त्याखाली थोडी घाण, ओल, सोडियमसारखे आयन राहिले असले तर ते गरम असताना व्होल्टेजनं सरकत एका जागी जमतात आणि कडेचं इलेक्ट्रिक फील्ड बिघडवतात, पण व्होल्टेज काढून नग गरमच ठेवला तर परत पसरतात. दोष लपतो, जात नाही. आता नग पूर्ण थंड होईपर्यंत व्होल्टेज चालूच असतो, लाईट गेली तर यूपीएसवर, आणि तो गेला तर ती बॅच पहिल्यापासून.

आज आम्ही रिपेअरिंगबरोबर एससीआर जोडी लावून देतो, गरम लीकेज जुळलेला, नगाच्या नंबरसकट कार्डावर लिहिलेला. आत्ता ३३०० व्होल्टच्या नगांसाठी नवं फिक्स्चर (टेस्ट करताना नग धरून ठेवणारी मांडणी) चाललंय, पण या पावसात फिक्स्चरचाच लीकेज नगापेक्षा जास्त येतोय, ग्लास इपॉक्सीचा बोर्ड काढून सिरॅमिकचे पोस्ट लावलेत, सोमवारपासून नग न लावता रिकामंच चालवून बघणार आहोत.