मोठा स्फटिक मिळेना, म्हणून क्ष-किरण लेसरकडे

आमचं प्रथिन पेशीच्या पटलात बसणारं, एक रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा संदेश पेशीत पोचवणारं. त्याची रचना काढायची तर त्याचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण सोडावे लागतात. त्याचे स्फटिक यायचे, पण पाचएक मायक्रोमीटरच्या पुढे वाढायचे नाहीत. क्षार बदलले, पीएच बदलला, तापमान बदललं. स्फटिकांची संख्या कमीजास्त व्हायची, आकार मात्र तेवढाच. सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, नेले तर दोनचार चित्रं मिळेपर्यंत विवर्तनाचे, म्हणजे स्फटिकातून विखुरलेल्या किरणांचे, कडेचे ठिपके विरून जायचे. क्ष-किरणांनी स्फटिक खराब होतोच, आणि एवढ्याशा स्फटिकात खराब व्हायला असतं तरी किती! शेवटी प्रयोगशाळेतल्या वरिष्ठ ताई म्हणाल्या, "वाढवायचा नाद सोड आता. आहेत तेवढेच राहू देत. फक्त भरपूर कर, आणि सगळे सारखे कर."

त्यांचा रोख क्ष-किरण लेसरकडे होता. या लेसरचा एक झोत काही दहा फेमटोसेकंदच टिकतो (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांशाचा दहा लाखावा भाग), पण इतका प्रखर असतो की स्फटिकाची वाफच होते. मात्र अणू जागचे हलायच्या आत विवर्तनाचं चित्र डिटेक्टरवर पोचलेलं असतं. हे शक्य आहे असं २००० साली गणिताने दाखवलं गेलं. प्रत्यक्षात ते २०११ साली जाहीर झालं: हेन्री चॅपमन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या एलसीएलएस लेसरवर फोटोसिस्टिम-१ या प्रकाशसंश्लेषणातल्या प्रथिनाच्या सूक्ष्म स्फटिकांची तीस लाखांहून जास्त चित्रं घेतली होती. तेव्हा तपशील ८.५ अँगस्ट्रॉमपर्यंतच दिसला (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग; आकडा जितका लहान, तितका तपशील बारीक). पुढच्याच वर्षी लायसोझाइम या प्रथिनावर १.९ अँगस्ट्रॉमपर्यंत मजल गेली. मला धीर आला तो या दुसऱ्या आकड्याने.

लेसरवर वेळ मिळवायचा तर प्रस्ताव लिहावा लागतो, तो तज्ज्ञांच्या समितीपुढे जातो. आमचा मंजूर झाला. पण माझ्या मते या पद्धतीत खरी कसोटी लागते ती त्याच्या आधीच्या महिन्यांत, नमुना तयार करताना. प्रत्येक झोताला नवा स्फटिक लागतो, म्हणजे एक देखणा स्फटिक कामाचा नाही. एकसारखे असंख्य हवेत.

पटलातल्या प्रथिनांचे स्फटिक आम्ही मोनोओलीन नावाच्या लिपिडमध्ये वाढवतो. प्रथिनाचं द्रावण आणि वितळलेलं लिपिड दोन सिरिंजमधून एकमेकांत ढकलत राहायचं. आधी मिश्रण दुधाळ दिसतं, मग हळूहळू पारदर्शक होतं आणि टूथपेस्टइतकं घट्ट बनतं. त्याचा बारीक दोरा स्फटिकीकरणाच्या द्रावणाने भरलेल्या दुसऱ्या सिरिंजमध्ये सोडायचा आणि वाट पाहायची. ध्रुवीकृत प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारे बारीक कण दिसतात. कण दाट, सारख्या आकाराचे आणि मध्ये एकही मोठा तुकडा नाही, असं दृश्य दिसेपर्यंत आम्ही प्रथिनाचं आणि द्रावणाचं प्रमाण बदलत राहिलो. मोठा तुकडा नको, कारण स्फटिक धारेतून झोतासमोर सोडणाऱ्या नोझलचं छिद्र जेमतेम पन्नास मायक्रोमीटरचं. जे मोठे स्फटिक मिळावेत म्हणून इतका काळ धडपडलो, तेच आता गाळून काढत होतो.

घट्ट माध्यमाचा आणखी एक फायदा. पातळ द्रावणाची धार सेकंदाला दहा मीटरच्या आसपास वेगाने सुटते. लेसर सेकंदाला १२० झोत टाकत असेल, तर दोन झोतांमध्ये सुमारे ८ सेंटिमीटर धार नुसतीच निघून जाते आणि बहुतेक स्फटिक वाया जातात. लिपिडची धार सावकाश सरकते, तेवढाच जळलेला भाग पुढे जातो. जिथे प्रथिन मिलिग्रॅमने मोजावं लागतं, तिथे या एका गोष्टीवर प्रयोग तरतो.

बीमटाइममध्ये, म्हणजे लेसरवर मिळालेल्या वेळात, बारा तासांच्या शिफ्ट होत्या. एक गट सिरिंज भरायचा, एक नोझलवर लक्ष ठेवायचा, एक चित्रं तपासायचा. मी नोझलच्या कॅमेऱ्यासमोर होते. लिपिडची धार सरळ पडेल असं नसतं. ती वळते, नोझलच्या टोकाला गोळा होऊन चिकटते. भोवतालच्या हेलियमचा दाब किंचित वाढवला की पुन्हा सरळ होते. रात्रभर तेच. सुरुवातीला एकेका चित्रात दोनदोन स्फटिकांचे ठिपके एकावर एक येत होते. पुढच्या सिरिंजमध्ये आणखी लिपिड घालून स्फटिक विरळ केले आणि चित्रं स्वच्छ येऊ लागली.

सेकंदाला १२० झोतांच्या वेगाने तासाला ४,३२,००० चित्रं साठतात आणि त्यातली बहुतेक रिकामी असतात. ठिपके असलेली निवडायची, मग प्रत्येक स्फटिक कुठल्या दिशेला वळलेला होता ते ठिपक्यांवरून काढायचं. यासाठी क्रिस्टएफईएल हे मुक्त सॉफ्टवेअर वापरलं. आमच्या एकक पेशीच्या (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान घटकाच्या) लांबीचा आलेख आधी पसरट आणि दोन शिखरांचा आला. डिटेक्टरचं अंतर आणि त्याच्या पट्ट्यांच्या जागा नव्याने ठरवल्यावर तो एका अरुंद शिखरावर आला, आणि जुळणाऱ्या चित्रांची संख्याही वाढली. आकडेमोडीतला माझा सर्वांत आनंदाचा दिवस तोच.

एवढ्या अल्प काळात स्फटिक फिरत नाही, त्यामुळे प्रत्येक ठिपक्याची तीव्रता अर्धवटच मोजली जाते. हजारो चित्रांमधल्या त्याच ठिपक्याची सरासरी घेतली तरच आकडा विश्वासाचा होतो. म्हणून सगळी चित्रं दोन भागांत वाटून, दोन्हींचे आकडे एकमेकांशी कितपत जुळतात ते पाहिलं.

ठिपक्यांवरून किरणांची तीव्रता कळते, पण त्यांच्या लाटांची फेज, म्हणजे त्या एकमेकींच्या किती पुढेमागे आहेत ते, कळत नाही. ती मिळवायला जवळच्या नात्यातल्या प्रथिनाची आधीची रचना वापरली. अशा वेळी इलेक्ट्रॉनांच्या घनतेच्या नकाशात, ज्यावरून अणूंच्या जागा ठरतात, तीच जुनी रचना डोकावते, ही भीती असते. म्हणून रिसेप्टरला जोडलेला औषधी रेणू मुद्दाम वगळून नकाशा काढला. रिकाम्या ठेवलेल्या जागेत त्याची दोन कडी आणि त्यांना जोडणारा साखळीचा तुकडा स्पष्ट उमटले. स्फटिक गोठवलेले नव्हते, सगळी मोजणी खोलीच्या तापमानाला झाली होती. तिथल्या एका अमिनो आम्लाची साखळी दोन स्थितींमध्ये दिसली, आणि आता आमचं पुढचं काम त्या दुसऱ्या स्थितीवर चाललं आहे.

रचना प्रोटीन डेटा बँकेत, म्हणजे अशा रचनांच्या खुल्या संग्रहात, जमा केली. मूळ चित्रंही सर्वांसाठी खुली ठेवली, कारण ही सॉफ्टवेअर झपाट्याने सुधारत आहेत आणि आमच्याच चित्रांमधून उद्या कुणाला याहून बारीक तपशील काढता येईल.