महापेहून रॅक निघण्याआधी

नवी मुंबईत महापेला सर्व्हरचा रॅक (सर्व्हर बसवायचं उभं कपाट) जोडून ऐरोलीच्या डेटा सेंटरला पाठवायचा असतो. सर्व्हर बूट झाला, हिरवा दिवा लागला की नव्या माणसाला वाटतं, कॉन्फिगरेशन संपलं. पण सगळ्यात जास्त छळतात ते दोष मशीन बूट होऊ देतात आणि गप्प बसतात.

रॅमचंच घ्या. एका प्रोसेसरला आठ चॅनेल (मेमरीकडे जाणाऱ्या वाटा), सोळा स्लॉट. आठ पट्ट्या ओळीने शेजारी-शेजारी खोचल्या तर बहुतेक बोर्डांवर चारच चॅनेल भरतात. मेमरी पूर्ण दिसते, बँडविड्थ निम्मी. झाकणाच्या आतला नकाशा बघूनच पट्ट्या लावा.

फर्मवेअर अपडेट करताना साधारणपणे आधी बीएमसी (सर्व्हरवर दुरून लक्ष ठेवणारी चिप), मग बायोस, मग रेड कंट्रोलर (डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड) आणि नेटवर्क कार्ड. बीएमसी फार जुना असेल तर थेट शेवटच्या व्हर्जनवर जाऊ नका, मधला टप्पा लागतो का ते रिलीज नोट्समध्ये बघा. बूट यूईएफआय (नवी पद्धत) की लेगसी (जुनी), हे ओएस टाकण्याआधीच ठरवा.

आता पॉवर. इथे आकडेमोड टाळणारे बरेच. २३० व्होल्ट, ३२ अँपिअरची सिंगल फेज पीडीयू (रॅकमधल्या सर्व्हरना वीज वाटणारी पट्टी) म्हणजे ७.३६ किलोवॅट, सतत भारासाठी त्यातले ८० टक्केच धरायचे, म्हणजे ५.९. ए आणि बी अशा दोन फीड (वेगवेगळ्या वीजपुरवठ्याच्या लाइन) असल्या तरी रॅकची मर्यादा ५.९च राहते, दुप्पट होत नाही. एक फीड गेली की सगळा भार दुसरीवर येतो. म्हणून रोजच्या वापरात प्रत्येक पीडीयूवर साधारण १३ अँपिअरच्या आतच राहा. चाचणीही पूर्ण लोडवर करा: सगळ्या सर्व्हरवर स्ट्रेस टेस्ट लावा आणि ए बंद करा. मशीन निवांत असताना ही चाचणी बहुतेक वेळा पास होते. त्या पासला माझ्या लेखी किंमत नाही. ए बंद केल्यावर एखादाच सर्व्हर बंद पडला तर त्याच्या दोन्ही केबल बहुधा एकाच पीडीयूत असतात. ए-बीसाठी दोन रंगांच्या केबल मागवल्या की हा घोळ मागच्या दारातूनच दिसतो.

फायबरची लिंक वर आली एवढ्यावर थांबू नका. एरर काउंटर शून्य करा, ट्रॅफिक सोडा, मग सीआरसी (बिघडून आलेल्या डेटाच्या चुका) बघा. ते वाढत असतील तर एसएफपी (फायबर ज्यात खोचतात ते मॉड्यूल) बदलण्याआधी फायबरची टोकं पुसा.

पावसाळ्यात मात्र वेगळाच धोका. जुलैत लोडिंग बेवर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली तर दवबिंदू (ज्या तापमानाखाली हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं) २७ अंशांच्या आसपास जातो. २२ अंशांच्या एसी खोलीतून निघालेल्या थंड पत्र्यावर लगेच पाणी धरतं. म्हणून रॅक एसीतच प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळा, आत सिलिका जेल ठेवा, मगच ट्रककडे न्या. ऐरोलीला पोचल्यावर वेष्टन लगेच फाडू नका. रॅक हॉलच्या तापमानाला आला की उघडा. ठाणे-बेलापूर रोडच्या धक्क्यांनी रायझर (कार्ड बसवायचे जोड-बोर्ड) आणि रॅमच्या पट्ट्या सैल होऊ शकतात, त्या दाबून बघितल्याशिवाय पॉवर देऊ नका.