लोज्बानमधल्या दिशा शिकताना

लोज्बान या मुद्दाम घडवलेल्या भाषेत सगळ्यात सुंदर काय, असं कोणी विचारलं तर मी लगेच सांगेन: जागा आणि दिशा. आपण क्रियापदाला काळ लावतो, तसं ही भाषा त्याला स्थळसुद्धा लावते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या तर्कशुद्ध भाषेचं जॉन कोवन यांनी लिहिलेलं व्याकरण १९९७ मध्ये आलं. त्यातलं दहावं प्रकरण मला सगळ्यात जड गेलं आणि रमलेही मी तिथेच.

शब्द पटकन पाठ झाले. झुहा डावीकडे, रिहु उजवीकडे, शाहु पुढे, तिहा मागे, गाहु वर, निहा खाली. अंतरासाठी वि, वा, वु: जवळ, मध्यम, दूर. कस लागतो तो क्रमात. कोवन म्हणतात, स्वतःपासून निघून मनातल्या मनात प्रवास करायचा. मी ते कागदावर केलं. मध्ये एक ठिपका, तो मी, आणि पुढच्या प्रत्येक शब्दाला एक बाण. ‘ले म्लातु शाहुवा झुहावि सिप्ना’ : ठिपक्यापासून समोर मध्यम लांबीचा बाण, त्याच्या टोकापासून डावीकडे छोटासा बाण, आणि तिथे मांजर झोपलंय. बाण काढायला लागल्यावर वाक्यं भराभर उलगडायला लागली.

मग आलं मोहि, हालचाल दाखवणारा शब्द. ‘ले वेर्बा रिहु शाद्झु ले बिस्लि’ म्हणजे माझ्या उजव्या बाजूला मूल बर्फावर चालतंय. रिहुच्या आधी मोहि घातलं की ते मूल उजवीकडे चालत निघतं. मोहिशिवाय दिशा फक्त ठिकाण सांगते. दोन्ही सांगायचं तर ठिकाण आधी, हालचाल शेवटी: ‘झुहावु मोहि रिहुवि’. माझ्या डावीकडे पार लांब, पण उजव्या दिशेने थोडंसंच चाललेलं. पाच इवलेसे शब्द आणि अख्खं दृश्य डोळ्यांसमोर! हे पहिल्यांदा नीट वाचता आलं तेव्हा मला फार आनंद झाला.

क्लामा, म्हणजे जाणं-येणं सांगणारं क्रियापद, मात्र मराठीमुळे सोपं गेलं. जाणारा, कुठे, कुठून, कोणत्या वाटेने, कशाने अशा त्याच्या पाच जागा ठरलेल्या. ‘मी साताऱ्याला पुण्याहून खंबाटकीने एसटीने गेले’ हे वाक्य त्यात जसंच्या तसं बसतं. आपण वाट आणि वाहन दोन्हींना ‘ने’ लावतो, तिथे त्यांच्या जागा वेगळ्या. येणं आणि जाणं मात्र एकच. कोणाकडून बघायचं ते ऐकणाऱ्याने ठरवायचं.

एक गोष्ट नवीन शिकणाऱ्यांना आवर्जून सांगते. ‘उजवीकडे’ हे नेमकं कोणाच्या तोंडाच्या दिशेने, हे महत्त्वाचं असेल तिथे रिहुवर भागवू नका, प्रितु (‘उजवीकडे असणं’ सांगणारं क्रियापद) वापरा. त्याची तिसरी जागा त्यासाठीच आहे.