हातमोजे काढायचे कसे

आज पणजीत जैवसुरक्षेचं प्रशिक्षण झालं. सगळ्यात जास्त वेळ गेला तो हातमोजे काढण्यात. पहिला मनगटापाशी बाहेरून चिमटीत धरायचा, उलटा सोलायचा, दुसऱ्या मुठीत ठेवायचा. मग उघडं बोट दुसऱ्याच्या आतून सरकवायचं. बाहेरची बाजू कातडीला लागताच कामा नये. बीएसएल-३, म्हणजे धोकादायक जंतू हाताळायच्या तिसऱ्या सुरक्षा पातळीच्या प्रयोगशाळेत, आतला हवेचा दाब कमी ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी हवा आतच ओढली जाते. १९७८ साली बर्मिंगहॅममध्ये प्रयोगशाळेतून निसटलेल्या देवीच्या विषाणूने वरच्या मजल्यावरच्या छायाचित्रकार जॅनेट पार्कर यांचा जीव घेतला. आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातही माकडतापाने, म्हणजे गोचिडींमधून पसरणाऱ्या विषाणूच्या तापाने, माणसं गेलीत. अशा रोगांचे नमुने हाताळणाऱ्या मुलामुलींना निदान मापाचे हातमोजे तरी मिळायलाच हवेत. ढगळ हातमोज्यांत सुई धरायला लावणं मला अजिबात पटत नाही.